साडेसहा मीटरवरचे काका

काकांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या वरणात थर्मामीटर बुडवला तेव्हा. र्युसेल्सहाइममधल्या सात-आठ मराठी घरांचं रविवारचं जेवण होतं. मला जर्मनीत उतरून दोन दिवस झाले होते, आणि छाप पाडावी म्हणून मी कधी नव्हे ते मन लावून वरण करून नेलं होतं. एक पन्नाशी उलटलेले, काटकुळे, कानांत केस असलेले गृहस्थ पुढे आले, शर्टाच्या खिशातून पेनासारखी सळई काढली आणि सरळ पातेल्यात खुपसली. "वर चोपन्न, तळाशी एकोणसत्तर," ते म्हणाले. "ढवळलं नाहीस." मग सळई रुमालाला पुसून खिशात ठेवली आणि भातावर दही घेऊन निघून गेले. मनात म्हटलं, कोण हा आगाऊ म्हातारा. दुसऱ्या दिवशी कंपनीत रुजू झाले तर हाच म्हातारा माझा साहेब निघाला.

आमचं काम गाड्यांच्या इंजिनांना थंड ठेवायचं. म्हणजे इंजिन तापलं की पाणी कुठून किती फिरवायचं, हे दिवसभर बघत बसायचं. काका त्यातले दादा होते, हे मान्यच करायला हवं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला: कंपनीत सर म्हणायचं, बाहेर काका. मी विचारलं, आणि फाटकात? तर म्हणाले, फाटकात काही म्हणू नकोस, नुसती मान हलव.

त्यांच्या घरी दिवाणखान्यात तीन थर्मामीटर एकाखाली एक टांगलेले होते. एक घोट्याशी, एक कमरेशी, एक छताला. पाहुणा आला की त्याला कोणत्या खुर्चीत बसवायचं ते या तिघांना विचारून ठरायचं. चहा बासष्ट अंशांच्या वर असला तर ते हात लावत नसत, आणि अठ्ठावन्नच्या खाली गेला की बेसिनमध्ये ओतत. कोणी नुसतं 'आज काय उकडतंय' म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "आधी मोजा, मग बोंबला." हे वाक्य त्यांनी एकदा भर मीटिंगमध्ये मराठीतच टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, सांग यांना. मी आपलं सभ्य करून सांगितलं की आधी आकडे, नंतर चर्चा. आमच्या जर्मन विभागप्रमुखाने 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत ते फळ्यावर लिहून घेतलं. मी ती कंपनी सोडली तेव्हाही ते फळ्यावर होतं.

काकू पुण्यात गणिताच्या शिक्षिका होत्या. मुख्याध्यापिका व्हायला एक वर्ष उरलेलं असताना काकांची इथे बदली झाली आणि काकूंना राजीनामा द्यावा लागला. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती, पण माफी मिळालेली नव्हती. भांडणही नव्हतं, भांडायचं तर निदान बोलावं लागतं. घरात 'दूध संपलंय', 'किल्ली घ्या', 'तुमचा फोन' एवढंच चालायचं. मी त्यांच्याकडे जेवायला गेले की दोघंही माझ्याशी भरभरून बोलत, आणि एकमेकांकडे आमटी सरकवायची असली तरी ती माझ्यामार्फत जायची. मला मेलीला घास गिळवत नसे.

तर आता तळ्याकडे वळू.

आमच्याकडे गावाबाहेर वाळू-खडी उपसून झालेले खोल खड्डे आहेत, त्यांत पाणी साचून तळी झाली आहेत. जूनमधल्या एका रविवारी आम्ही काही मंडळी तिथे पोहायला गेलो. काका पुण्याच्या टँकवर पोहायला शिकलेले, त्यामुळे मान वर ठेवून, चष्मा घालून, भाजी आणायला निघाल्यासारखे पोहायचे. तळ्याच्या मध्यावर गेले, पाय खाली सोडले आणि एकदम थांबले. छातीला कोमट आणि पावलांना बर्फ. दहा मिनिटं ते तिथेच पाय वरखाली करत राहिले. काठावरच्या एका जर्मन बाईंना वाटलं हे बुडताहेत, आणि त्या त्यांना वाचवायला निघाल्या. काकांनी त्यांना पाण्यातच थांबवून पाय खाली सोडायला लावले.

मला त्यांनी ते समजावलं तेव्हा आंघोळीची बादली पुढे केली. बादलीत आधी गार पाणी घे, वरून गरम ओत, आणि न ढवळता हात घाल. मनगट पोळतं आणि बोटं गारठतात. तळं म्हणजे तीच बादली, आणि उन्हाळाभर ती ढवळायला कोणी येत नाही. जूनमध्ये ऊब नुसती वरवरची असते, मग ती खाली खाली उतरते; भर उन्हाळ्यात वर पंचवीस अंश, सहा-सात मीटरपर्यंत फार तर बावीस, आणि मग एका मीटरात धाडकन चौदा. या धाडकनला जर्मनमध्ये श्प्रुंगशिख्ट म्हणतात, उडी मारणारा थर. हा शब्द काकांना इतका आवडला की ते आठवडाभर तो कारणाशिवाय म्हणत होते.

तो थर मीटरमीटरने मोजायचं काकांनी ठरवलं. पण तळ्यावर बोट घालायची तर तिथल्या गळवाल्यांच्या फेराइनचं, म्हणजे मंडळाचं, सभासद व्हावं लागतं. आणि सभासद व्हायचं तर मासेमारीची सरकारी परीक्षा द्यावी लागते. काका पिढीजात शाकाहारी. अंड्याचा केक समोर आला की ताटली बदलून मागणारा माणूस. त्या माणसाने एक अख्खा हिवाळा माशांची चित्रं ओळखण्यात घालवला. जेवणाच्या सुट्टीत फोडणीचा भात खाता खाता मी त्यांना प्रश्न विचारायची: हेख्ट माशाचे दात कसे, बार्श माशाच्या पाठीवर पंख किती. परीक्षेत त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही. परीक्षकाने हात मिळवून विचारलं, घरी मासा कसा करता? काका म्हणाले, मी खात नाही. परीक्षकाला वाटलं यांचं जर्मन कच्चं आहे, म्हणून त्याने हळूहळू पुन्हा विचारलं.

फेराइनचे अध्यक्ष म्हणजे माझे घरमालक. मी त्यांच्या पोटमाळ्यावर राहायची. कारखान्यातून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, मिशीवाला गृहस्थ; मनाने वाईट नाही, पण कचऱ्याच्या डब्याचं झाकण दोन बोटं उघडं राहिलं तर जिना चढून सांगायला येणारा. म्हणजे माझी पंचाईत बघा. दिवसा साहेब काका आणि घरी मालक हा, आणि त्याचं गावठी जर्मन काकांना कळेना म्हणून दोघांच्या मध्ये दुभाषी मी.

आमचा खरा उन्हाळा म्हणजे दोन हजार तीनचा. सगळी जर्मनी त्या वर्षी भाजून निघाली होती, दुकानांतले पंखे संपले होते. काकांना एका वर्षाच्या कच्च्या सभासदत्वावर बोट घालायची परवानगी मिळाली होती. त्यांनी पिवळी रबरी बोट आणली आणि कंपनीतल्यासारखी तापमान मोजायची वायर आणली, मीटरमीटरवर खुणा केलेली. बोट मी वल्हवायची, कारण काकांच्या मते माझे खांदे चांगले होते आणि डोकं रिकामं होतं. वायर काका सोडणार. मग आकडे लिहायला कोण? काकांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून चाललेली. काकूंना विचारायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. काकूंनी एवढंच विचारलं की डास आहेत का. मी नाही म्हणून बिनदिक्कत खोटं बोलले.

पहिले दोन शनिवार बोटीत नुसते आकडे. "चार मीटर, तेवीस पॉइंट चार." "तेवीस पॉइंट चार." मी वल्हं मारतेय आणि माझ्या पाठीमागे दोन माणसं पाढे म्हणताहेत. तिसऱ्या शनिवारी वारा होता. काकांनी सहा मीटर म्हणून आकडा सांगितला आणि काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "हे सहा मीटर नाहीत. बोट सरकतेय, वायर तिरकी जातेय. तुम्ही कर्ण मोजताय, उंची नाही." चार वर्षांतलं त्यांचं नवऱ्याला उद्देशून पहिलं लांब वाक्य. काका लाल झाले, मग पिवळे झाले, मग म्हणाले की फरक नगण्य आहे. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढून तो नगण्य नाही हे दाखवलं. पाऊण तास दोघं कडाकडा भांडले. शेवटी काकांनी वायरीच्या टोकाला इस्त्री बांधायची कल्पना काढली आणि काकू हसल्या. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की त्यांना हसता येतं.

पण काठाला लागलो, की पुन्हा दूध आणि किल्ली. दर शनिवारी तेच. बोटीत बडबड, जमिनीवर मौन. काकू डबा करून आणायला लागल्या, टोपी घालून यायला लागल्या, एकदा तर बोटीत काकांना शाळेतल्या कोणा शिपायाची नक्कल करून दाखवली. काका शनिवारची वाट लहान मुलासारखी बघायचे आणि मला सोमवारपासून हवामान विचारायचे.

मध्यंतरी मासा हा विषय आमच्या ध्यानातच राहिला नव्हता. काकांच्या गळाला मुळात आकडाच नव्हता, नुसतं शिसं. दिसायला गळ, कामाला काही नाही. त्यांना वाटे, मासा न पकडणारा गळवाला हा कायद्याला सगळ्यात सोयीचा गळवाला. पण प्रत्येक सभासदाला एक वही भरावी लागते, कोणत्या तारखेला कोणता मासा मिळाला त्याची, तिला फांगबूख म्हणतात. जुलैच्या शेवटी माझे घरमालक ती वही घेऊन जिना चढून वर आले. माशाच्या नावाच्या रकान्यात खोली होती, वजनाच्या रकान्यात तापमान. सगळं काकूंच्या सुंदर अक्षरात, खाली लाल शाईने सरासरी. घरमालक म्हणाले, हा माशांचा फेराइन आहे, हवामानाचा नव्हे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारपर्यंत वहीत एक तरी मासा दिसला पाहिजे, नाहीतर हेर इंजिनिअरचं, म्हणजे इंजिनिअर साहेबांचं, सभासदत्व पक्कं होणार नाही आणि बोट बाहेर काढावी लागेल.

मी हे काकांना फाटकात सांगितलं. ते मान हलवायचंही विसरले. तिथल्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "बोट गेली तर मी हिच्याशी बोलू कुठे?" हा माणूस असं काही बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्यांच्यावरच ओरडले की उठा, कठडा तापलाय.

अडचण अशी होती की जर्मनीत गंमत म्हणून मासा पकडून परत सोडता येत नाही. प्राण्याला उगाच त्रास द्यायचा नाही, हा कायदा. पकडलात तर मारा आणि खा. काकांनी सगळे नियम पालथे घातले आणि तिसऱ्या दिवशी कंपनीत माझ्या टेबलावर कागद आपटला. फेराइनच्याच नियमात होतं की पंचवीस सेंटीमीटरहून लहान बार्श मिळाला तर तो सोडलाच पाहिजे. म्हणजे छोटासा पकडायचा, वहीत मांडायचा, नियमाला धरून सोडून द्यायचा. मी घरमालकांना मुद्दाम विचारून घेतलं की छोटा चालेल का. ते म्हणाले, मासा तो मासा. छोटी पिल्लं काठच्या गवतात, दोन मीटरवर असतात, हे काकांना आकड्यांवरून पाठ होतं. सगळं ठरलं. काका इतके खूष झाले की त्या दिवशी त्यांनी छप्पन्न अंशांचा चहा प्यायला.

शेवटच्या शनिवारी आम्ही तिघं काठाच्या गवतापाशी बोट लावून बसलो. खरा आकडा, खरं गांडूळ. ते लावताना काकांनी कंपनीतले रबरी हातमोजे घातले होते. घरमालक आपल्या पत्र्याच्या होडीत साक्षीला आले होते. ते स्वतः तळ्यातल्या सगळ्यात खोल जागी, चौदा मीटरवर, तळाला गळ टाकून बसले. उन्हाळ्यात मोठे मासे गारव्याला तळाशी जातात अशी त्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा होती, आणि दर उन्हाळ्यात काही मिळालं नाही की ते पाणकावळ्यांना शिव्या घालत. काकांनी त्यांना आदल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं की त्या थराखाली उन्हाळाभर ताजी हवा पोचत नाही, मासा तिथे गुदमरेल. वर उकडतं, खाली जीव घुसमटतो, म्हणून शहाणा बार्श थराच्या अगदी वर, साडेसहा मीटरवर बसणार. घरमालकांनी ते ऐकून 'आल्झो', म्हणजे 'बरं तर', म्हटलं होतं आणि पुन्हा तळाला गळ टाकला होता.

आता त्यांनी आम्हाला गवतात बसलेलं पाहिलं आणि लांबूनच काहीतरी हाक मारली. काकांनी मला विचारलं, काय म्हणाला? इथे माझी चूक झाली. 'शुभेच्छा देताहेत' म्हणायला काय जात होतं माझं? पण माझी जीभ वळवळली आणि मी शब्दन् शब्द सांगितलं: हेर इंजिनिअर, पोराबाळांत काय खेळताय, मासे इकडे खाली आहेत.

काकांचे कान लाल झाले. गळ वर घेतला. "वल्हव," म्हणाले. मी म्हटलं, अहो काका, वही, नियम, पंचवीस सेंटीमीटर. "वल्हव म्हणतो ना." काकूंनी कपाळाला हात लावला.

तळाचा उतार सुरू होतो तिथे, आमच्या नेहमीच्या मोजायच्या जागी, मी बोट थांबवली. काकांनी वायर सोडून आधी थर तपासला. मग काकूंकडे न बघता विचारलं, किती? काकूंनी वही उघडलीही नाही. "साडेसहा," म्हणाल्या. दोरी साडेसहा मीटरवर थांबली. चार मिनिटं झाली असतील नसतील, काठी वाकली, काका उभे राहिले, बोट हिंदकळली, मी खाली बसा म्हणून किंचाळले, आणि एक भला थोरला बार्श येऊन माझ्या मांडीवर पडला. हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पंख, पाठीवर काटे. बोटीच्या कडेवरच्या पट्टीवर धरला तर छत्तीस सेंटीमीटर.

घरमालक होडी हाणत आले. माशाकडे बघितलं, मग काकांकडे, मग त्या इस्त्रीकडे. खोली किती, विचारलं. मी सांगितली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि आपल्या होडीतला लाकडी दांडका काकांच्या हातात दिला. आता मारा.

काकांच्या हातात दांडका, पायाशी मासा. माणूस झुरळालासुद्धा कागदावर घेऊन गॅलरीत सोडणारा. दांडका त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. मला म्हणाले, विचार त्याला, सोडला तर? घरमालकांनी नकारार्थी मान हलवली. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मी वल्ह्याकडे बघत राहिले.

"अहो, द्या इकडे," काकू म्हणाल्या. "तडफडतोय तो."

त्यांनी पदर खोचला, डावा अंगठा कल्ल्यात घातला, दांडका घेतला आणि डोळ्यांच्या वर नेमका एकच घातला. मासा शांत झाला. पर्समधल्या फळं कापायच्या सुरीने पुढचं काम दोन क्षणांत उरकलं आणि हात तळ्यात बुडवून धुतले. खरं तर काकूंकडे परवाना नव्हता, आणि माझ्या घरमालकाला हे पक्कं माहीत होतं. ते मान वर करून बराच वेळ आकाशात पाणकावळे शोधत राहिले. एकही नव्हता. मग काकूंना म्हणाले, वहीत लिहा, आणि होडी वळवून थेट उतारावर, आमच्या जागेवर, गळ टाकून बसले.

"तुला हे येतं?" काकांनी विचारलं.

"मालवणची आहे मी," काकू म्हणाल्या. "मागच्या दारी होडी लागायची आमच्या. हा तर आमच्या चोणक माशाचा धाकटा भाऊ दिसतोय."

काकूंचं माहेर मालवणचं हे काकांना अर्थातच ठाऊक होतं. कॉलेजात जुळलेलं लग्न. घरात मासा येणार नाही, आणि बाहेरही खायचा नाही, एवढीच सासूबाईंची अट होती, आणि बावीस वर्षांच्या मुलीने ती हसत मान्य केली होती. त्याला तीस वर्षं झाली. काका तीस वर्षं समजत होते की तो विषय त्या दिवशीच संपला.

कायद्याप्रमाणे मासा खायला हवा होता, म्हणून आम्ही तो त्यांच्या घरी नेला. काकूंनी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं आणि पुण्याहून आणलेली सासूबाईंची विळी मांडली. त्या विळीने उभ्या जन्मात दुधी आणि कोबी यांच्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. खवलं आहेत की पत्रा, असं पुटपुटत काकूंनी मासा खवलला, तुकडे केले, फ्रीझरमधला नारळ मिरच्यांबरोबर वाटला. मग स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीच्या मागून एक छोटी बरणी काढली. तिच्यात तिरफळं होती. मी पुण्याची असले तरी लपूनछपून मासे खाणारी आहे, त्यामुळे मला कळलं. तिरफळ माशाच्या आमटीत पडतं. शाकाहारी घरात त्याचं काही काम नसतं.

काकांनाही काहीतरी कळलं असावं. त्यांनी विचारलं, हे आपल्याकडे कसं?

"दर वर्षी आणते," काकू म्हणाल्या. "जुनी टाकते, नवी भरते."

"कशाला?"

काकू वाटण परतत होत्या, मागे वळल्या नाहीत. "सासूबाई होत्या तोवर प्रश्न नव्हता. त्या गेल्या तेव्हा वाटलं, आता तुम्ही म्हणाल, तुला हवं तर कर. म्हणून पहिल्यांदा आणली. अकरा वर्षं झाली."

"सांगायचंस ना मला."

"तुम्ही विचारायचंत."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण वास असा सुटला होता की पाय निघेना. काका जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. काकूंनी स्वतःला भात घेतला, वर आमटी घेतली, पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. गालावरून पाणी ओघळलं. मिरची जास्त झालीय, म्हणाल्या. मिरची जास्त झाली नव्हती.

तेव्हा काका उठले. ओट्यावरचं पातेलं त्यांनी टेबलावर आणलं, डाव घेतला आणि बायकोच्या ताटाशी उभे राहिले.

"शेपटीकडचा तिला घाला," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "मला डोकं वाढा."

काकांनी डावात डोकं घेतलं. माशाचे डोळे सरळ त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी स्वतःचे गच्च मिटले आणि अंदाजाने वाढलं.